फेसाळ धातूचा पाय

दगडाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती विमान फोडत होती. विमान म्हणजे त्याचं जे काही उरलं होतं ते. युद्ध संपून वर्ष होत आलं होतं. लष्कराचं मोडकं सामान ठिकठिकाणी लिलावात निघत होतं, आणि सांगलीतल्या आमच्या ओतकामाच्या कारखान्याच्या आवारात त्या भंगाराचा पुरुषभर उंच ढीग पडला होता. ढिगाच्या पायथ्याशी ही बाई बसलेली. पदर कमरेला खोचलेला, हातात हातोडा. एक तुकडा उचलायची, हातात तोलायची, टिचकी मारून कान द्यायची, मग दगडावर ठेवून एक घाव घालायची आणि तुटलेली कड पाहून तो चार पाट्यांपैकी एकीत टाकायची. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. तिनं एकदाही मान वर केली नाही.

"हजेरी मांडायचीय. नाव सांगा," मी म्हणालो.

"दगडाबाई बिराप्पा. आन् उभं ऱ्हायचं आसंल तर तिकडं ऱ्हावा. माझ्या उजेडात येऊ नगा."

कारखाना आप्पासोंचा. आम्ही ॲल्युमिनियमची भांडी आणि पंपांची झाकणं ओतायचो. भट्टी तात्याबा मिस्त्रीच्या ताब्यात होती. वीस वर्षं त्यानं मुशीतला वितळलेला रस पाहिला होता आणि त्या वीस वर्षांत आपलं चुकलं असं एकदाही म्हटलं नव्हतं. मी भाऊसो, हजेरी लिहायचो आणि मालकाची पत्रं लिहायचो. पत्रांचं मुद्दाम सांगतो, कारण या हकिकतीतलं माझं पाप त्यात आहे.

दगडाबाई तासगावच्या पूर्वेला माळावरच्या एका वाडीतली. धनगराचं घर. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं, दगडाला काही होत नाही या हिशेबानं. नवरा बिराप्पा बेचाळीस साली फौजेत गेला. जनावरांचं कळतं म्हणून त्याला खेचरांच्या कंपनीत घेतलं आणि इटलीच्या डोंगरात दारूगोळा वाहायला लावलं. तिथं सुरुंग फुटला. खेचर मेलं आणि बिराप्पाचा डावा पाय नडगीच्या मधोमध कापावा लागला. पंचेचाळीसला तो घरी आला तो सरकारी पाय लावून. वर चामड्याचा पट्टा, मध्ये लोखंडी पट्ट्या, खाली लाकडाचं जड पाऊल. दवाखान्याच्या फरशीवर तो पाय बरा चालत असेल. माळावर तो धोंड्यात अडकायचा, ओल्या काळ्या मातीत रुतायचा, आणि उपसताना वरचं मांस सोलून निघायचं. मेंढरं माणसासाठी थांबत नाहीत. शेवटी मेंढरं दिराकडे दिली आणि नवराबायको सांगलीला येऊन कारखान्यामागच्या झोपडीत राहिली. ती भंगार निवडायची आणि तो झोपडीच्या दारात घोंगडीवर बसून रस्त्याकडे बघायचा.

तिच्या रागाबद्दल कारखान्यात सगळे बोलायचे. तो ओरडण्याचा राग नव्हता. ती कमी बोलायची आणि हातोडा जोरात मारायची. एकदा मी विचारलं, एवढा राग कुणावर. ती म्हणाली, "ज्येनं तो पाय केला त्येनं तो लावून नांगरटीतनं येकदा चालून बघाया पायजे हुतं. बघितलं का त्येनं?"

काम मात्र ती अशी करायची की तात्याबासुद्धा तिच्या पाट्या पुन्हा तपासायचा नाही. चार पाट्यांना तिनं स्वतःची नावं दिली होती. जुनी भांडी ती 'मऊ', कारण ती वाकायची आणि तुटायची नाहीत. विमानाच्या अंगाचा पत्रा तो 'ताठा', वाकवला की उलटून यायचा. इंजिनाचे पिस्टन ते 'कडक', एका घावात तुटायचे आणि कड राखी रंगाची दाणेदार दिसायची. चौथं विमानाचं चाक, रबर काढल्यावर उरतं ते. हातात घेतलं की पोकळ वाटावं इतकं हलकं. त्याचा कीस निखाऱ्यावर टाकला तर डोळे दिपवणारा पांढरा जाळ व्हायचा, म्हणून ते 'जळका'. पुढं एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मला समजावून सांगितलं की ताठ्यात तांबं असतं, कडकात सिलिकॉन आणि जळका म्हणजे जवळजवळ सगळा मॅग्नेशियम. दगडाबाईला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. पण कशात काय मिसळलं की धातू कसा वागतो, हे तिला त्या प्राध्यापकांपेक्षा कमी कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

जळका बाजूला ठेवायचा असा आधीपासूनचा नियम होता. श्रावणात आप्पासोंनी तो मोडला. ढीग कमी होईना म्हणून त्यांनी तात्याबाला सांगितलं की थोडी थोडी चाकं मुशीत जिरवून टाक. दगडाबाई समोर होती. ती म्हणाली, "मालक, ही चाकं दुसऱ्या जातीची हायत. रस बिघडंल." आप्पासो हसले आणि निघून गेले.

दोन दिवसांनी पंपाच्या झाकणांचा एक मोठा घाणा वाया गेला. साचे उघडले तर आतून झाकणं नाहीत, स्पंज निघाले. वरून पातळ पापुद्रा आणि आत सगळीकडे वाटाण्याएवढे फुगे, जाळीदार आंबोळीसारखे. तात्याबा कपाळावर हात मारून घेत बसला नाही. त्यानं सरळ दगडाबाईकडे बोट केलं.

"हिनं पाटीत माती मिसळली. ओली माती. त्याशिवाय असं होत न्हाई."

"माती न्हवती," ती म्हणाली.

"मग हे काय हाय?"

"ते तुमी सांगायचं. रस तुमचा हाय."

मिस्त्रीला बाईनं चारचौघांत असं बोलणं आप्पासोंना चाललं नाही. उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी तिला तिथंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा ती भंगाराच्या ढिगावर बसलेली होती. हातोडा मांडीवर. काम करत नव्हती आणि उठतही नव्हती. मी हजेरी मांडू की नको या पेचात पडलो. दुपारी आप्पासो स्वतः आले.

"तुला सांगितलंय ना?"

"सांगितलं. माती मिसळली म्हन्ला. मिसळली आसंल तर मी जाते. पर आदी दाखवा. न्हाईतर मी दाखवते."

"तू काय दाखवणार?"

"दोन मुशी द्या. तात्याबालाच रस करू द्या. मी हात लावत न्हाई."

ती तीन दिवस ढिगावर बसली. गाड्या भंगार घेऊन आल्या की तिच्या भोवती रिकाम्या व्हायच्या. चौथ्या दिवशी आप्पासो कंटाळले आणि म्हणाले, दाखव बाई, आणि मोकळी हो.

तिनं काय ओळखलं होतं ते तेव्हा आम्हाला कळलं. रसावरची मळी काढताना तात्याबाला मुठीनं चुनखडीची पूड मारायची सवय होती. मळी सुटायला बरं पडतं असं त्याचं म्हणणं. ती पूड उष्णतेनं हवा सोडायची, रस खदखदायचा आणि फुगे वर येऊन फुटून जायचे. इतकी वर्षं कधी काही बिघडलं नव्हतं. दगडाबाईनं एका मुशीत नुसती भांडी टाकायला सांगितली. दुसरीत भांडी आणि जळक्याचे मूठभर तुकडे, सळईनं रसाखाली दाबून धरायचे, वर पेटू द्यायचे नाहीत. मग दोन्हींत तात्याबाच्याच हातानं चुनखडीची एकेक मूठ.

पहिल्या मुशीत रस उकळला, फुगे फुटले आणि आरशासारखा सपाट झाला. दुसरीत सळई ढवळता ढवळता जड होत गेली. रस घट्ट झाला, फुगे आले ते फुटेनात, आणि मुशीच्या काठापर्यंत सगळं दूध उतू जावं तसं वर चढलं. तात्याबा मागं सरकला.

"पान्यात बुडबुडा टिकत न्हाई," दगडाबाई म्हणाली. "पिटल्यात टिकतो. त्या चाकांनी रसाचं पिटलं केलं. चाकं टाकायला कुनी सांगितलं आन् पूड कुनी टाकली, ते मालकानी ठरवावं. माझ्या पाटीत माती न्हवती."

कुणी माफी मागितली नाही. आप्पासो म्हणाले, "ठीक आहे, लाग कामाला," आणि तात्याबा आठ दिवस तिच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. एवढाच तिचा न्याय झाला. ती गेली नाही, कारण जायला जागा नव्हती. पण त्या संध्याकाळी तिनं मुशीतून निघालेला तो फेसाळ गोळा उचलला आणि झोपडीत नेला. पाटीएवढा मोठा होता आणि तिनं एका हातात धरला होता. पाण्याच्या हौदात टाकला तर तो तरंगला. बिराप्पा हौदाच्या काठावर बसून कितीतरी वेळ त्याला बोटानं खाली दाबत होता आणि सोडत होता.

"खेचराच्या पाठीवर ह्येचं खोगीर आसतं तर," तो म्हणाला.

"खोगीर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्येचा पाय करते."

रविवारी भट्टी बंद असायची. आप्पासोंनी तिला निखारे आणि एक फुटकी मूस वापरायची परवानगी दिली, ती काय आपण उदार आहोत म्हणून नाही. बाई पुन्हा ढिगावर बसेल म्हणून. लाकडी पावलाच्या मापानं तिनं वाळूत साचा केला. वरचा चामड्याचा भाग जुनाच ठेवायचा, खालचं पाऊल तेवढं नवं. मी काही रविवारी मदतीला जायचो. खरं तर बघायला जायचो.

पहिलं पाऊल तिनं ताठ्याचं केलं. विमानाचा पत्रा सगळ्यांत मजबूत, तर त्याचा फेसही मजबूत होणार, असा आम्हा दोघांचा समज. झालंही तसंच. बिराप्पा त्यावर उभा राहिला, चालला, कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन आला. पण तो पावसाळा होता. रोज चिखल, रोज ओल. तीन आठवड्यांत पाऊल आतल्या आत पांढरं पडलं, फुग्यांच्या भिंती कुजक्या लाकडासारख्या झाल्या, आणि एका सकाळी टाच त्याच्या वजनाखाली भुगा झाली. तो रस्त्यात पडला. तिनं त्याला उचललं. घरी येऊन तिनं त्या पावलाचा हातोड्यानं चुरा केला.

दुसरं नुसत्या मऊचं, जळक्याची मूठ टाकून. ते कुजलं नाही, पण टाच आठ दिवसांत भाकरीसारखी दबली. तिसरं कडकाचं. त्याचा रस कमी आचेवर पातळ व्हायचा, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जायचा, फुगे खसखशीसारखे बारीक यायचे. दिसायला सगळ्यांत देखणं. बिराप्पानं ते दगडावर आपटलं आणि त्याला उभी चीर गेली. चौथ्यात तिनं जळका जास्त टाकला, म्हणजे रस अजून घट्ट होईल. तर तो पेटला, वर काळी खपली धरली, आणि तिच्या उजव्या हाताच्या कोपरापर्यंत कातडी भाजली. महिनाभर हात केळीच्या पानात होता.

त्या महिन्यात मी तिला म्हणालो, "आता पुरे करा. सरकारी पाय आहे ना."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गेलो.

पाचवं पाऊल दिवाळीनंतर झालं. तीन भाग मऊ, एक भाग कडक, आणि जळका एका मुशीला बंद मुठीत मावेल तेवढाच. ताठा अजिबात नाही. साच्याला बाहेरून ओलं पोतं गुंडाळायचं, आत पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, म्हणजे फेस बसायच्या आत थिजतो. ते पाऊल लाकडाच्या निम्म्याहून कमी वजनाचं होतं. टाच टेकली की फुगे किंचित दबून धक्का खायचे, आणि पाऊल तुटायचं नाही. बिराप्पा ते लावून वाडीला गेला आणि भावाबरोबर चार दिवस मेंढरांमागं हिंडून आला. आल्यावर त्यानं मला नडगीचा बुंधा दाखवला. कुठंही सोललेलं नव्हतं.

आता आप्पासोंचे डोळे उघडले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी, त्यातले कितीतरी हातापायानं गेलेले. साताऱ्याला सैनिकांच्या कामाचं एक सरकारी कार्यालय होतं. तिथं हा पाय पसंत पडला तर कारखान्याला कायमचं काम मिळेल. त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं.

"आमच्या कारखान्याचे अनुभवी मिस्त्री तात्याबा यांनी तयार केलेला," ते सांगू लागले.

माझा हात थांबला. "दगडाबाईंनी," मी म्हणालो.

"अरे, भंगार निवडणाऱ्या बाईनं केलेला पाय कोण घेणार? वाचणारसुद्धा नाहीत. लिही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत मी, दगडाबाई आणि बिराप्पा आगगाडीनं कोरेगावला उतरलो आणि मोटारीनं साताऱ्याला गेलो. बिराप्पानं फौजेचा कोट घातला होता. कार्यालयातल्या साहेबांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "हे तात्याबा मिस्त्री कुठं आहेत?"

"कोन तात्याबा?" दगडाबाईनं विचारलं.

साहेबांनी तिला ते वाक्य वाचून दाखवलं. ती साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

"पाय मी केलाय," ती म्हणाली.

साहेबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी बिराप्पाला पाय उतरवायला सांगितलं. आतल्या तज्ज्ञाला दाखवून दुपारी परत देतो म्हणाले. साहेबानं सांगितल्यावर बिराप्पानं पट्टे सोडले. तीन वर्षं फौजेत तेच शिकला होता. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. दुपार झाली, चार वाजले. मग शिपायानं एका ट्रेमध्ये पाऊल आणलं. त्याचे दोन तुकडे होते. करवतीनं टाचेपासून बोटांपर्यंत उभं कापलेलं.

साहेब मागून आले. "आत काय आहे ते पाहणं जरूर होतं. हे पाहा, आत सगळे फुगे आहेत. असं ओतकाम सदोष समजतात. कुठल्याही कारखान्यात हे बाद होईल. आम्ही याची शिफारस करू शकत नाही."

मी दगडाबाईला पहिल्यांदाच एवढं बोलताना ऐकलं. आवाज चढलेला नव्हता.

"फुगे हायत म्हणून तर हलका हाय. ते मी घातल्यात. चार महिने घालत हुते. तुमाला फुगेच बघायचे हुते तर मला इचारायचं, मी सांगितलं आसतं. ह्यो मानूस ह्या पायावर चालत आला, ते तुमच्या डोळ्यानं बघितलं का न्हाई? मग करवत कशाला आनली? आता ह्येनी घरी कसं जायाचं ते लिवून द्या. तुमच्या कागदावर. सही करून."

साहेब म्हणाले, कार्यालय बंद व्हायची वेळ झाली. ती उठली आणि दारात उभी राहिली. शिपायानं हात धरायचा प्रयत्न केला तेव्हा तिनं ट्रेमधलं पावलाचं अर्धुक उचललं आणि नुसतं हातात धरलं. शिपाई थांबला. कोणी मारामारी केली नाही. अर्ध्या तासानं साहेब दुसऱ्या दारानं निघून गेले. तो कागद काही मिळाला नाही.

बिराप्पा माझ्या आणि तिच्या खांद्यावर हात टाकून मोटारीपर्यंत उड्या मारत आला. कोरेगाव स्टेशनावर गाडीला वेळ होता. तो बाकावर बसला, रिकाम्या पायाची पँट दुमडून घेतली आणि विडी ओढत राहिला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊसो, ते तुमी लिवलं?"

"आप्पासोंनी सांगितलं म्हणून."

"त्येनी सांगितलं. हात कुनाचा हुता?"

"माझा."

"मग त्येचं नाव का घेता?"

मी खिशातली तिकिटं काढून मोजू लागलो.  बिराप्पा म्हणाला, "आगं, आसू दे. दुसरा करशील." ती त्याच्यावर उसळली. "तुमी तर बोलूच नगा. काडून कशाला दिला? साहेबानं मुंडी मागितली आसती तर ती बी दिली आसती." 

तिनं दुसरा केला. तिसराही केला, जादा म्हणून. कार्यालयानं नाकारलं तरी गोष्ट पसरली होती. तासगाव, खानापूरकडचे तीनचार फौजी रविवारी येऊन मापं देऊ लागले. आप्पासोंचा रस सरकारी नकारानंतर संपला होता, पण ते आड आले नाहीत. तात्याबा एका रविवारी न बोलावता आला आणि भाता ओढायला बसला. ती त्याच्याशी बोलली नाही. त्यानंही अपेक्षा केली नाही.

अठ्ठेचाळीसच्या गणपतीच्या सुमारास कोरेगावकडचे हंबीरराव आले. त्यांचे दोन्ही पाय घोट्याच्या वर गेले होते. दोन मुलगे त्यांना बैलगाडीतून उचलून घेऊन आले. मोठ्या शेताचा धनी, मिशा भरदार, आणि बोलताना नजर खाली. दगडाबाईनं मापं घेतली. उजवं पाऊल लगेच केलं. डाव्याला वेळ लागेल, दिवाळीला या म्हणाली, कारण जळका तपासून, निवडून, तुकडे करून घ्यायचा होता.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ती सकाळी कामावर आली तर जळक्याची पाटी रिकामी होती आणि भिंतीकडेला लावलेली चाकंही नव्हती. तिनं मला विचारलं. मी आप्पासोंना विचारलं.

"ती विकली," ते म्हणाले. "शोभेची दारू करणारा व्यापारी आला होता. त्याला फुलबाज्यांसाठी कीस हवा होता. नाहीतरी जागाच अडत होती."

तिला हे मी सांगितलं. वाटलं, ती हातोडा घेऊन आप्पासोंच्या खोलीत जाईल. ती गेली, पण हातोडा ठेवून. दारात उभी राहून म्हणाली, "मालक, ती चाकं कशाची हुती ठावं हाय तुमाला?"

"भंगार होतं गं ते. मी घेतलेलं, मी विकलं."

"हंबीररावाचा डावा पाय हुता. आन् त्येच्या मागं जे येनार हुते त्यांचे. तुमी रविवारी हितं येऊन बघत हुता. तुमाला ठावं हुतं."

आप्पासो कागद चाळत राहिले.  मग ती बाहेर आली, चारही पाट्या एकीत एक घालून भिंतीला लावल्या आणि गेली. पुन्हा त्या फाटकातून आत आली नाही. त्या दिवशी मीही राजीनामा लिहिला, असं सांगायला मला आवडलं असतं. मी आणखी सहा वर्षं तिथं हजेरी मांडली.

जळका शोधायला आम्ही मिरजेला आणि कोल्हापूरला भंगारवाल्यांकडे हिंडलो. लष्कराचं सामान संपलं होतं. कुणाकडे पत्रा होता, कुणाकडे पिस्टन. चाक एकाकडेही नाही. तुटलेलं जुनं पाऊल वितळवून पाहिलं, कारण त्यात जळका होताच. पण पहिल्या वितळण्यात तो अर्धा जळून गेलेला असतो. दुसऱ्यांदा रस पातळच राहिला, फुगे आले आणि फुटून गेले.

दिवाळीत हंबीरराव आले. मुलांनी त्यांना झोपडीच्या दारात उतरवलं. दगडाबाईनं त्यांना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. रागावलेसुद्धा नाहीत, आणि त्याचाच तिला जास्त राग आला असावा, कारण ती उठून मागल्या बाजूला गेली. तेवढ्यात बिराप्पा उठून आत गेला आणि आपलं जादा ठेवलेलं डावं पाऊल घेऊन आला. हंबीररावांच्या मापाला ते बोटभर मोठं होतं. पट्टे आवळून बसवलं. दोन मुलांच्या मधोमध हंबीरराव उभे राहिले, आणि मग मुलांचे खांदे सोडून आठ पावलं चालले.

दगडाबाई परत आली तेव्हा ते चालत होते. तिनं बिराप्पाकडे पाहिलं. "आता तुमचं फुटलं म्हंजे?" तो म्हणाला, "फुटंल तवा बघू." 

ते दोघं वाडीला परत गेले. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात मी तासगावच्या बाजारात तिला पाहिलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बरोबर विकायला आणलेली चार मेंढरं. मी बिराप्पाची चौकशी केली.

"माघात फुटलं त्येचं. खडकावर घसरला," ती म्हणाली. "आता सरकारी लावतो आन् मेंढराच्या वाड्यापाशी बसतो. मेंढरामागं मी जाते."

"चाकं कुठं मिळाली तर कळवतो," मी म्हणालो.

"कळवू नगा. तुमी कळवाल म्हणून वाट बघत बसायला मला सवड न्हाई." तिनं एका मेंढराचं तोंड उघडून गिऱ्हाइकाला दात दाखवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हंबीरराव अजून चालतोय. परवा त्येच्या पोरानं निरोप धाडला."

गिऱ्हाइकानं दुसरं मेंढरू दाखवायला सांगितलं. ती त्या कामाला लागली.